काम पूर्ण, बिल बाकी: फाटक-वालचंद ते हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन

बांधकाम कंपनीचा इतिहास बहुतेक वेळा तिनं बांधलेल्या धरणांच्या, पुलांच्या आणि बोगद्यांच्या यादीतून सांगितला जातो. ती यादी वाचताना ऊर भरून येतो, पण तिच्यातून एक गोष्ट कधीच कळत नाही. बांधकाम चालू असताना शनिवारची मजुरी कोणाच्या खिशातून जात होती? ठेकेदारीतला माणूस दुसऱ्याच्या कामाकडे बघताना पहिल्यांदा हेच विचारतो. कंपनी वाढली कशी, थांबली कुठे आणि अडकली कशात, या तिन्हींची उत्तरं याच प्रश्नात सापडतात असं माझं मत आहे. त्यासाठी सोलापुरात दोघांच्या भागीदारीत सुरू झालेली आणि पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, इथपर्यंत पोचलेली फर्म मी इथे घेतली आहे. तिचे सव्वाशे वर्षांचे व्यवहार बरेचसे सार्वजनिक आहेत, आणि त्यात यश आणि फजिती दोन्ही आहेत.

कारकून आणि सावकाराचा मुलगा

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळ सौराष्ट्रातल्या वांकानेरचं, दिगंबर जैन. सोलापुरात त्यांची सावकारी आणि कापसाचा व्यापार. वालचंद १८९९ मध्ये मॅट्रिक झाले, पुढे मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकायला गेले, पण शिक्षण अर्ध्यावर सोडून पेढीवर यावं लागलं. पेढीत मन रमेना. याच काळात त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक आधी रेल्वेत कारकून होते, नंतर ठेकेदारीत उतरलेले. दोघांनी भागीदारी केली आणि ‘फाटक-वालचंद’ ही फर्म उभी राहिली.

या जोडीकडे नीट बघायला हवं. वालचंद इंजिनिअर नव्हते. त्यांच्याकडे घरचं भांडवल होतं, बाजारात पत होती आणि प्रचंड हाव होती (हा शब्द मी चांगल्या अर्थानं वापरतोय). फाटकांकडे होती ती माहिती. रेल्वेतल्या कारकुनाला काय ठाऊक असतं? कोणत्या कामाला कोणता दर बसतो, माप कधी घेतात आणि कोण घेतो, मोजमाप पुस्तकातली नोंद कोणाच्या टेबलावर थांबते, करारातल्या कोणत्या कलमावर साहेब नंतर बोट ठेवतो. एखाद्या नव्या ठेकेदाराला हे सगळं शिकायला पाच-सात वर्षं आणि दोन-तीन बुडालेली कामं लागतात. ती किंमत वालचंदांना द्यावी लागली नाही.

दोघांच्या सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचं काम येतं. अडीच फुटी गेजची ही छोटी रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली होती. पुढे ती एका अंगाला पंढरपूर आणि दुसऱ्या अंगाला तडवळे, लातूरपर्यंत वाढत गेली. १९११ मध्ये ती लातूरला पोचली. अशा वाढीव मार्गाच्या कामात चमकदार असं काही नसतं. भराव घालायचा, मुरूम दाबायचा, ओढ्यांवर मोऱ्या बांधायच्या, खडी पसरायची. पण नव्या फर्मला शिकायला याहून चांगली जागा नाही. भूगोल माहितीचा, मजूर जवळपासच्या गावांतले, आणि चूक झालीच तर तिची किंमत काही ब्रास मातीइतकी.

वाढ म्हणजे तहान

इथे थोडा हिशेब करू. आकडे समजुतीपुरते घेतलेले आहेत. समजा फर्म महिन्याला १०,००० रुपयांचं काम करते. माप महिनाअखेरीस होतं. बिल तपासून हाती यायला आणखी दोन महिने लागतात. प्रत्येक बिलातून दहा टक्के रक्कम अनामत म्हणून कापून ठेवतात, ती काम संपल्यावर बऱ्याच काळानं मिळणार. मजुरी मात्र आठवड्याच्या बाजाराच्या आधी द्यावीच लागते, नाहीतर सोमवारी तांड्यावर कोणी दिसत नाही. म्हणजे पहिला रुपया परत यायच्या आत फर्मचे सुमारे ३०,००० रुपये जमिनीत गेलेले असतात. त्यात नफ्याचा भाग काढून टाकला तरी आकडा फारसा खाली येत नाही.

आता फर्मनं दुप्पट काम घेतलं. अडकलेली रक्कमही दुप्पट झाली, आणि ती आजच हवी. नफा येणार तो सहा-आठ महिन्यांनी. म्हणून चांगलं चाललेला ठेकेदार बुडतो तो बहुधा काम नसताना नाही, तर काम जास्त झालं तेव्हा. बाहेरच्या माणसाला हे कोडं वाटतं. धंद्यातल्या माणसाला ते पाठ असतं, तरी मोठं टेंडर समोर आलं की तोही विसरतो.

फाटक-वालचंदच्या बाबतीत ही तहान सोलापूरच्या पेढीच्या पैशानं भागली. पिढीजात सावकारीतला पैसा कापसाच्या हंगामाऐवजी भरावाच्या मातीत फिरू लागला. पेढीला हे पटणं सोपं नसणार, कारण कापसाची गाठ विकता येते आणि अर्धवट भराव कोणी विकत घेत नाही. पण रेल्वे किंवा सरकार हा ऋणको पैसे बुडवत नाही, फक्त उशीर करतो. हा फरक ओळखणं म्हणजेच त्या काळातलं धंद्याचं गमक होतं. पुढे शंभर वर्षांनी ‘फक्त उशीर’ हेच दुखणं किती मोठं होणार होतं, तो भाग नंतर.

टाटांचं नाव

पहिल्या महायुद्धाच्या काळापर्यंत फर्म रेल्वेबरोबर सरकारच्या इतर खात्यांचीही कामं करत होती. वालचंदांचं लक्ष एव्हाना दहा दिशांना होतं. १९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्यासारख्या भागीदारांबरोबर त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली आणि ५ एप्रिल १९१९ ला ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून निघालं. बोटींची ती गोष्ट वेगळी आणि पुष्कळदा सांगितलेली आहे, म्हणून इथे सोडून देतो.

बांधकामापुरतं बघायचं तर महत्त्वाचं वर्ष १९२०. त्या वर्षी टाटांच्या साथीनं टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि फाटक-वालचंदचा धंदा तिच्यात गेला. वरवर पाहता ही माघार वाटते. आपल्या नावाची चालती फर्म दुसऱ्याच्या नावाखाली का न्यावी? आपल्याकडे अजूनही कित्येक बाप-लेकांच्या फर्म याच मुद्द्यावर अडतात. ‘पाटी आपली राहिली पाहिजे’ असं म्हणत वीस-वीस वर्षं सरकारी ठेकेदारांच्या त्याच वर्गाच्या नोंदणीत राहतात.

पण त्या काळी मोठ्या कामांचे ठेके बहुतेक इंग्रज कंपन्यांकडे जात. ठेका देणारा साहेब दोन गोष्टी बघे: काम मध्येच टाकून हा पळणार नाही ना, आणि अनामत भरायची याची ऐपत आहे का. भागीदारी फर्ममध्ये या दोन्हींचं उत्तर दोन माणसांच्या तब्येतीवर आणि एका घरच्या तिजोरीवर अवलंबून असतं. मर्यादित कंपनीत भागभांडवल कागदावर दिसतं, आणि टाटा हे नाव तर बँकेत आणि रेल्वे बोर्डात दोन्हीकडे चालतं. वालचंदांनी पाटी दिली आणि पत घेतली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत शहाणपणाचा व्यवहार होता.

भोर घाट

ही पत वापरून काय मिळालं, तर घाटाचं काम. मुंबई-पुणे रेल्वेचा मूळ घाट १८६३ मध्ये खुला झालेला. तो बांधताना सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज ठेकेदार भारतात येऊन थोड्याच काळात वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं ठेका पुढे चालवून पूर्ण केला. खंडाळ्याजवळ तेव्हा ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. गाडी तिथवर चढायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचं आणि उलट्या दिशेनं पुढची चढण घ्यायची. चढ १ ला ३७, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. वाफेच्या इंजिनांच्या काळात तो सगळा वेळखाऊ आणि धोक्याचा कारभार होता.

१९२० च्या दशकात मार्ग विजेवर नेण्याचं ठरलं, त्याबरोबर हे रिव्हर्सिंग स्टेशन टाळण्यासाठी नवी आखणी झाली. तिच्यातल्या बोगद्यांचं काम वालचंदांच्या गटाकडे आलं. नवा मार्ग १९२९ मध्ये सुरू झाला. १ जून १९३० ला डेक्कन क्वीन धावू लागली, ती याच मार्गावरून.

बोगद्याचं काम भरावासारखं नसतं. भरावात किती माती लागेल हे आधी मोजता येतं. बोगद्यात डोंगराच्या पोटात काय निघेल ते सुरुंग लावल्यावरच कळतं. सह्याद्रीचा काळा पाषाण बहुतेक ठिकाणी भक्कम, पण मध्येच लाल मातीचा थर किंवा पाण्याची भेग लागली की दिवसाची प्रगती फुटांवरून इंचांवर येते. सामानाची खरेदी, दारूगोळ्याचा परवाना, कॉम्प्रेसर, हवा खेळवणं, मजुरांच्या वस्त्या, दवाखाना हे सगळं पहिला फूट खणायच्या आधी उभं करावं लागतं. म्हणजे तिजोरीवरचा ताण बार्शीच्या कामापेक्षा कितीतरी पट. १९०५ च्या सुमाराच्या फर्मनं हा ठेका घेतला असता तर पहिल्याच पावसाळ्यात ती बसली असती. मधली पंधरा वर्षं आणि मधलं टाटांचं नाव, दोन्ही लागलं.

याच काळात तानसाहून मुंबईला पाणी आणणाऱ्या जलवाहिनीचं कामही गटानं केलं. सिंधू नदीवर काळाबागचा पूल (तो १९३१ मध्ये पूर्ण झाला, आज पाकिस्तानात आहे) आणि ब्रह्मदेशात इरावतीवरचा पूल हीसुद्धा त्यांच्याच खात्यावरची कामं.

एका कंपनीच्या अनेक कंपन्या

वालचंदांच्याच हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची नोंदणी २७ जानेवारी १९२६ ची. टाटा कन्स्ट्रक्शन १९३५ मध्ये प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाली. मार्सलँड प्राइस ही १९०८ मध्ये नोंदलेली जुनी बांधकाम कंपनीही गटाकडे आली. तिचं पुढे जे झालं ते मजेशीर आहे. इंदापूर तालुक्यात कळंबला उसाची शेती आणि साखर कारखाना उभा राहिला, तो या कंपनीच्या देहात. आज आपण जिला वालचंदनगर इंडस्ट्रीज म्हणतो तिचा जन्मदाखला एका बांधकाम ठेकेदाराचा आहे.

एकाच मालकानं बांधकामाच्या तीन-तीन कंपन्या का ठेवाव्यात? एक कारण ठेकेदारीत जुनं आहे: एखादं काम अंगावर आलं तर त्याची झळ बाकीच्यांना लागू नये. दुसरं कारण, ठेकेदारीत साचलेला नफा बाहेर काढून स्थिर उत्पन्नाच्या धंद्यात घालणं. साखर, जहाजं, १९४० मध्ये बंगळूरला विमान कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये मोटारी. यातले काही उद्योग सरकारनं पुढे ताब्यात घेतले, काही आटले. गंमत अशी की स्थिर म्हणून निवडलेल्या धंद्यांपेक्षा अस्थिर मानलेली ठेकेदारीच जास्त टिकली. वालचंद ८ एप्रिल १९५३ ला गेले. पुढच्या वर्षांत सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचं नाव मिळालं, आणि तिथून निघालेले इंजिनिअर राज्यभर साइटवर पसरले.

धरणांची वर्षं

स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षं या धंद्याला सोपी गेली असं म्हणणार नाही, पण सरळ गेली. मुंबईच्या पाण्यासाठी वैतरणेवर बांधलेलं धरण, जे महापालिकेचे अभियंता मोडक यांच्या नावानं मोडकसागर म्हणून ओळखलं जातं, ते एचसीसीचं. कोयनेचं १०३ मीटर उंचीचं रबल काँक्रीटचं धरण एचसीसीचं. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात ते हादरलं, वरच्या भागात भेगा पडल्या, पण उभं राहिलं. नंतर त्याला मागून काँक्रीटचे टेकू देऊन बळकटी आणली. बंगालमधला फराक्का बंधारा एचसीसीचा, लांबी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, १९७५ मध्ये कार्यान्वित झालेला.

या काळात काम देणारं सरकार, डिझाइन सरकारी इंजिनिअरचं, सिमेंट-पोलाद बहुतेकदा खात्याकडून. ठेकेदाराचं कौशल्य माणसं, यंत्रं आणि वेळ सांभाळण्यात. भांडवल अडकायचं, पण किती आणि किती दिवस याचा अंदाज असायचा.

सागरी सेतू आणि लवादाचे निवाडे

१९९० नंतर ते बदललं. एचसीसीनं बांधलेला मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू हे त्याचं सगळ्यात दिसणारं उदाहरण, लांबी ५.६ किलोमीटर. १९९९ मध्ये पायाभरणी झाली, पाच वर्षांत आणि ६६० कोटींत होईल असा मूळ अंदाज होता. ३० जून २००९ ला चार लेन उघडल्या, उरलेल्या चार मार्च २०१० मध्ये. खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेला. मधल्या काळात डिझाइन बदललं, वरळीच्या कोळी बांधवांचे आक्षेप आले, भरणीवर पर्यावरणाची बंधनं आली.

अशा कामात ठेकेदाराचा दावा ठरलेला असतो: तुम्ही डिझाइन बदललंत, जागा उशिरा दिलीत, माझी बार्ज (सामान वाहणारी सपाट बोट) आणि क्रेन रिकामी उभी राहिली, त्याचे पैसे द्या. खात्याचं उत्तरही ठरलेलं: तुमचंच नियोजन चुकलं. बरोबर कोण हे साइटवरच्या रोजच्या नोंदींवर ठरतं, आणि ते ठरायला वर्षं जातात. प्रकरण लवादाकडे, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा करणाऱ्या पंचांकडे, जातं. पुष्कळदा ठेकेदार तिथे जिंकतो. मग खातं न्यायालयात जातं. आणि इथेच २०१५ पर्यंतच्या लवाद कायद्याची मेख होती: निवाड्याला आव्हान दिलं की अंमलबजावणी आपोआप थांबायची. जिंकलेल्याच्या हातात कागद, बँकेत व्याज चालू.

२०१५ च्या दुरुस्तीनं ही आपोआप स्थगिती काढली. ती जुन्या प्रकरणांना लागू का, यावर वाद झाला. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लागू म्हटलं. संसदेनं २०१९ मध्ये कलम ८७ घालून ते पुन्हा उलटवलं. त्याविरुद्ध न्यायालयात जाणारी मुख्य कंपनी एचसीसी होती, आणि २७ नोव्हेंबर २०१९ ला ते कलम रद्द झालं. दरम्यान ३१ ऑगस्ट २०१६ ला केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीनं असंही ठरवलं होतं की निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटी घेऊन ठेकेदाराला द्यावी. दिलासा होता, पण गॅरंटीसाठी बँक पुन्हा तारण आणि कमिशन मागणार. ज्याची पत आधीच ओढलेली आहे त्याला हक्काचा पैसा मिळवायलाही पत लागते.

ठेकेदारीवर टीका करणारे इथे म्हणतील, टेंडर कमी दरानं भरायचं आणि फरक दाव्यातून काढायचा, ही तुमचीच रीत. त्यात तथ्य आहे. ‘बिलो’ भरून काम घेणं आणि मग अतिरिक्त बाबींवर पोट भरणं तालुक्याच्या रस्त्यापासून राष्ट्रीय महामार्गापर्यंत चालतं. पण त्यामुळे खऱ्या दाव्यांचंही वजन कमी होतं, हे त्या रीतीचं बिल आहे आणि ते मोठ्या कंपन्यांनाही भरावं लागलं.

लवासा

ही सगळी ओढ चालू असताना कंपनीनं मुळशी तालुक्यातल्या मोसे खोऱ्यात, वरसगावच्या जलाशयाकाठी लवासा हे डोंगरी शहर उभारायला घेतलं. माझ्या मते हीच खरी चूक. शहर वसवणं वाईट म्हणून नव्हे. पर्यावरणाचा आणि जमिनींचा प्रश्न गंभीर होता, पण इथे मुद्दा हिशेबाचा आहे. ठेकेदाराचा पैसा अडकतो तेव्हा समोर कोणीतरी देणेकरी असतो, मग तो कितीही रेंगाळो. स्वतःच शहर बांधायला घेतलं की देणेकरी नसतोच. बिल कोणाला पाठवणार? घर विकलं गेलं तर पैसा, नाही तर काँक्रीट. पेढीच्या जुन्या भाषेत, अर्धवट भराव पुन्हा एकदा, पण या वेळी रेल्वेविना.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं काम थांबवायला सांगितलं. त्याच सुमाराला भांडवल बाजारातून लवासासाठी पैसा उभा करायची तयारी चालू होती, ती बारगळली. मुख्य कंपनीच्या कर्जाची फेररचना २०१२ मध्ये झाली. ऑगस्ट २०१८ मध्ये लवासा दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

यानंतर एचसीसीनं कर्जदात्या बँकांबरोबर जी योजना केली ती ठेकेदारीतल्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. कर्जाचा मोठा वाटा आणि त्याच्या जोडीला लवादाचे निवाडे आणि प्रलंबित दावे, दोन्ही प्रोलिफिक रेझोल्यूशन नावाच्या वेगळ्या कंपनीत हलवले गेले. म्हणजे बँकांना सांगितलं गेलं की तुमचं येणं आमच्या चालू कामांतून नव्हे, सरकारी खात्यांकडच्या या जुन्या बिलांतून वसूल होईल. चालू कामं करणारी कंपनी हलकी होऊन पुन्हा टेंडर भरायला मोकळी झाली. वाट बघण्याचं काम आता बँकांकडे आहे.